दात दोनदाच का येतात? बैलाच्या तोंडापासून जपानच्या औषधापर्यंत

जपानमध्ये माणसाला नवा दात उगवून देणाऱ्या औषधाची चाचणी चालू आहे, ही बातमी २०२४ पासून गावागावांतल्या फोनवर फिरते आहे. बातमी खरी आहे. क्योटो विद्यापीठाच्या रुग्णालयात त्या वर्षी चाचणीचा पहिला टप्पा सुरू झाला. किमान एक दात गेलेल्या, ३० ते ६४ वर्षं वयाच्या ३० पुरुषांवर ती करायची ठरली होती, आणि औषधाचा अपाय होतो का एवढंच त्यात पाहायचं होतं. पण आमच्याकडे ज्यांनी तो व्हिडिओ पाहिला त्यांतल्या अनेकांनी अर्थ असा काढला की आता कवळीची गरज संपली, एक सुई टोचली की तोंडभर दात येतील.

या औषधाबद्दल शेवटी सांगतोच. त्याआधी मला जास्त मोलाचा वाटतो तो त्यातून निघालेला प्रश्न. तो मला पारावरही विचारला गेला आणि वर्गातही. नखं जन्मभर वाढतात, केस वाढतात, मोडलेलं हाड जुळून येतं, मग दातानंच काय घोडं मारलं? तो दोनदाच का येतो? आणि दोनदाच यायचा तर दुसऱ्यांदा सहाव्या वर्षी कशाला, साठीला का नाही?

याचं उत्तर वीस कोटी वर्षं जुनं आहे. ते समजून घेताना बैलबाजार, उंदीर, नाग आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं एक गाव, सगळे वाटेत भेटतात.

दात कशाचा बनलेला असतो

लेकराचा पडलेला दात धुऊन उजेडात धरा. वरचा थर निळसर पांढरा आणि किंचित पारदर्शक दिसतो. ते एनॅमल. त्याच्या आत पिवळसर दंतिन असतं आणि मध्ये पोकळी. दात तोंडात असताना त्या पोकळीत मऊ मगज असतो, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. आता दात उलटा करून बुडाकडून पाहा. मूळ जवळपास नसतंच. ते मोडलेलं नाही. खालून येणाऱ्या पक्क्या दाताच्या भोवतालच्या पेशींनी ते विरघळवून टाकलेलं असतं, म्हणून दात हलायला लागतो.

शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ म्हणजे एनॅमल. वजनाच्या सुमारे ९६ टक्के ते निव्वळ खनिज असतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटचं. त्यात पेशी नाहीत, रक्त नाही, नस नाही. ते बनवणाऱ्या पेशी दाताच्या बाहेरच्या बाजूला असतात आणि बाहेरूनच थर चढवतात. हिरडी फोडून दात वर आला की त्या पेशी झडून जातात. एनॅमल बनवणारं त्या दातावर पुन्हा कोणी उरत नाही.

हाड का जुळतं आणि दात का जुळत नाही, याचं निम्मं उत्तर एवढ्यातच आहे. हाडात पेशी जिवंत असतात, एनॅमलवर नसतात. म्हणून दूध प्यायल्यानं किंवा कॅल्शियमच्या गोळ्या खाल्ल्यानं दातातला खड्डा भरून येत नाही. अगदी सुरुवातीचा, खडूसारखा पांढरा डाग असेल तर लाळेतली खनिजं आणि फ्लोराइडची पेस्ट तो काही प्रमाणात भरून काढू शकतात. एकदा भोक पडलं की ते डॉक्टरनंच भरायचं. आणि त्या भोकात किडा नसतो. तोंडातले जिवाणू साखर खाऊन आम्ल सोडतात, ते आम्ल खनिज विरघळवतं. दात धुरी देऊन, किडा काढून दाखवून, बरा होत नाही.

दंतिनाची गोष्ट वेगळी. ते बनवणाऱ्या पेशी मगजाच्या कडेला जन्मभर जिवंत असतात आणि आतल्या बाजूनं थोडा थर घालत राहतात. थंड पाण्याची कळ जाते ती या दंतिनातूनच.

पोटातच तयारी कशी होते

गर्भ सहा आठवड्यांचा, जेमतेम सेंटीमीटरभर लांबीचा असताना त्याच्या होऊ घातलेल्या जबड्यांवरच्या आवरणाची एक पट्टी जाड होते. त्या पट्टीवर वर दहा आणि खाली दहा ठिकाणी कोंब खाली उतरतात. वीस दुधाच्या दातांचे वीस. या कोंबाखाली ज्या पेशी जमतात त्या मुळात तिथल्या नसतात. मेंदू आणि मज्जारज्जू तयार होत असताना त्यांच्या कडेनं निघून, चालत चालत जबड्यात आलेल्या त्या पेशी असतात. वरचं आवरण एनॅमल बनवतं. खालच्या, बाहेरून आलेल्या पेशी दंतिन आणि मगज बनवतात.

दोघांपैकी एकट्याला दात करता येत नाही. सुरुवातीला वरचं आवरण रासायनिक संदेश देतं, थोड्या दिवसांनी सूत्रं खालच्या पेशींकडे जातात. उंदराच्या गर्भावर हे तपासून पाहिलेलं आहे. पटाशीच्या दाताच्या जागेचं आवरण घेतलं, त्याच्या खाली दाढेच्या जागेच्या पेशी ठेवल्या आणि दोन्ही एकत्र वाढवलं, तर दाढ तयार होते.

मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते ती त्यापुढची. कोंब वाढत असताना त्याच्या मध्यावर काही पेशींचा घट्ट पुंजका जमतो. त्याला एनॅमलची गाठ म्हणतात. या गाठीतल्या पेशी स्वतः वाढत नाहीत, पण आजूबाजूच्या पेशींना वाढायला सांगतात. त्यामुळे गाठीची जागा टोक म्हणून राहते आणि बाजू खाली उतरत जातात. सुळ्याला एक टोक, तिथे काम एका गाठीवर भागतं. दाढेत पहिली गाठ विरून गेल्यावर ठरावीक अंतरावर नव्या गाठी उठतात, आणि जिथे गाठ तिथे दाढेचा एक उंचवटा. फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात इर्मा थेस्लेफ आणि युक्का येर्नवाल यांनी १९९०च्या दशकात हे काम उलगडून दाखवलं. दोन गाठींमधलं अंतर थोडं बदललं की उंचवट्यांची संख्या आणि मांडणी बदलते. वाघाची कात्रीगत दाढ, रानडुकराची गाठाळ दाढ आणि गाईची लांबट वळ्यांची दाढ यांच्यासाठी निसर्गाला तीन वेगळे आराखडे लागले नाहीत. तीच पद्धत, मापं वेगळी.

पक्क्या दाताचा कोंब दुधाच्या दाताच्या कोंबातूनच, जिभेच्या बाजूनं फुटतो. तो फुटला की पट्टी तुटत जाते आणि तिसऱ्या पिढीसाठी कोंब धरायला जागा राहत नाही. मगर, पाल, साप, शार्क यांच्यात ही पट्टी जन्मभर कामात असते.

गारुड्यानं काढलेला दात परत येतो

नागाचे विषाचे दात काढले तरी काही आठवड्यांत नवे येतात. त्याच्या प्रत्येक विषदंताच्या मागे पुढचे दात तयार होत असतात. म्हणून 'दात काढलेला नाग काही करत नाही' ही सगळ्यांत धोक्याची समजूत आहे. मगरीचे दातही सारखे पडतात आणि सारखे येतात.

मग निसर्गानं सापाला जे दिलं ते आपल्यापासून का काढून घेतलं?

मगरीच्या तोंडाकडे पाहिलं तर याचा उलगडा होतो. तिचे सगळे दात जवळजवळ एकाच घाटाचे, टोकदार. ते पकडतात, फाडतात. ती चावत नाही, गिळते. अशा तोंडात एक दात पडला, दुसरा अर्धवट वर आला, तिसरा पूर्ण वाढला, तरी काही अडत नाही. वरच्या कुठल्या दातासमोर खालचा कुठला दात येतो याला महत्त्वच नसतं.

सस्तन प्राणी, म्हणजे पिलांना दूध पाजणारे, यांनी वेगळी वाट धरली. त्यांनी अन्न तोंडातच बारीक करायला सुरुवात केली. लहान अंगाच्या, गरम रक्ताच्या प्राण्याला अन्नातून लवकर आणि भरपूर ताकद काढावी लागते, आणि बारीक केलेलं अन्न लवकर पचतं. पण बारीक करायचं तर वरची दाढ आणि खालची दाढ एकमेकींत नेमकी बसायला हवी. हिचा उंचवटा तिच्या खळग्यात.

इथे घरातलं जातं आठवा. जात्याच्या दोन्ही तळ्या एकमेकींसाठी घडवलेल्या असतात. नुसतं वरची तळी बदलून दुसऱ्या जात्याची आणून बसवली तर दाणा नीट भरडला जात नाही, पीठ जाडंभरडं येतं, कधी दाणा तसाच बाहेर पडतो. दाढांचं तेच आहे. दर काही महिन्यांनी एकेक दाढ पडून नवी येत राहिली तर वर-खालची बसणी कधीच जमणार नाही. नेमकं चावायचं असेल तर दात बदलणं थांबवावं लागतं. सस्तन प्राण्यांनी न संपणारे दात सोडून नीट बसणारे दात घेतले.

मग एकच संच पुरला नसता का?

शंका रास्त आहे. अडचण जबड्याची आहे. दात एकदा तयार झाला की त्याची रुंदी वाढत नाही, कारण थर चढवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. जबडा मात्र वाढत असतो. वर्षभराच्या लेकराच्या तोंडात मावणारे दात विशीतल्या माणसाला पुरणार नाहीत, आणि विशीतले दात लेकराच्या तोंडात मावणार नाहीत. सरपटणारे प्राणी जन्मल्यापासून स्वतः शिकार करतात आणि हळूहळू, वर्षानुवर्षं वाढतात. म्हणून त्यांना दर मापाला नवे दात लागतात.

आईच्या दुधानं हा पेच सोडवला. दूध प्यायला दात लागत नाहीत. त्या काळात डोकं आणि जबडा झपाट्यानं वाढून घेतात. मग मधल्या मापाचा एक संच आणि पूर्ण मापाचा एक संच, एवढ्यावर काम भागतं. सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वीच्या, चिचुंद्रीएवढ्या आद्य सस्तन प्राण्यांच्या जबड्यांत दातांची ही दोन पिढ्यांची पद्धत दिसते. सहाव्या वर्षी दुसरे दात का येतात, साठीला का नाही, याचंही कारण हेच. दुसरा संच म्हातारपणाची सोय म्हणून आलेला नाही, वाढत्या जबड्यासाठी आला आहे.

याच काळात जबड्याचा सांधाही बदलला. खालचा जबडा एका हाडाचा झाला आणि जुन्या सांध्याची दोन हाडं लहान होत होत कानात गेली. आज आपण ऐकतो ते त्यांच्याच मदतीनं. कानासमोर बोट ठेवून तोंड उघड-बंद करा, नवा सांधा बोटाला लागेल.

बाजारात बैलाचं तोंड

दातांच्या दोन पिढ्या आपल्याकडे शेतकऱ्याइतक्या बारकाईनं कोणी पाहत नसेल. पोळ्याच्या आधीच्या बाजारात घेणारा माणूस बैलाच्या नाकाजवळ हात नेतो, अंगठा ओठाच्या कोपऱ्यात घालतो आणि खालचा ओठ ओढतो. "पाय, चार दाती हाये, जुळाचा हाये अजून." एवढ्यात वय कळतं आणि भाव ठरायला लागतो.

त्यानं पाहिलेले असतात खालचे समोरचे आठ दात. वर समोर दात नसतातच, तिथे नुसती कडक गादी असते. गाय, म्हैस, बकरी, तूर फस्त करणारा रोही, सगळ्यांचं हेच. जीभ चारा ओढते, खालचे दात वरच्या गादीवर दाबतात आणि झटक्यानं तोडतात. सगळे दात दुधाचे असतील तो आदत. आपल्याकडच्या जनावरांत सुमारे दोन ते अडीच वर्षांच्या सुमारास मधली जोडी पडून रुंद पक्की जोडी येते, तो दोन दाती. मग चार दाती, सहा दाती, आणि साधारण साडेचार-पाच वर्षांच्या आसपास आठही आले की जुळला. यातली सगळ्यांत बाहेरची जोडी खरं तर सुळ्यांची आहे, तिनं पटाशीचं रूप घेतलं आहे. चाऱ्यावर आणि जातीवर हे वय थोडं पुढे-मागे होतं. जुळल्यानंतर वय ओळखायचं ते झिजेवरून: कडा किती घासल्या, दातांत फटी किती पडल्या.

मागच्या दाढा घेणाऱ्याला दिसत नाहीत, पण जनावर जगतं त्यांच्यावर. दर बाजूला वर सहा, खाली सहा. समोरचे आठ धरून बत्तीस. माणसाचेही बत्तीसच, पण मांडणी अगदी वेगळी. मूळ सस्तन प्राण्यांचे दात जास्त होते. रानडुकराच्या तोंडात अजूनही ४४ आहेत, वाघाच्या तोंडात ३० उरलेत. वाघानं दळणाऱ्या दाढा जवळजवळ सोडल्या आणि कापणाऱ्या ठेवल्या. त्याचा जबडा फक्त वर-खाली होतो. बैलाचा आडवा फिरतो. रवंथ करताना पाहा.

पिसदुऱ्याच्या दगडात सापडलेलं गवत

कडबा असो, तणस असो की धुऱ्यावरचं गवत, त्यांच्या पात्यात वाळूचेच, म्हणजे सिलिकाचे बारीक कण असतात. पाऊल कापणारं गवत याच कणांमुळे कापतं. त्यात चाऱ्याला लागलेली माती. रोज सहा-आठ तास रवंथ करणाऱ्या दाढेची काय गत होत असेल?

गुरांच्या दाढेत त्यावर दोन उपाय आहेत. एक म्हणजे उंची: दाढेचा मोठा भाग हिरडीच्या आत राखून ठेवलेला असतो आणि झीज होईल तसा वर सरकतो. दुसरा त्याहून हुशारीचा. त्यांच्या दाढेत एनॅमल वरून टोपी घातल्यासारखं नसतं, वळ्या घेत आत शिरतं. एनॅमल हळू झिजतं, दंतिन लवकर. त्यामुळे एनॅमलच्या कडा सतत वर राहतात. जात्याला टाकी लावून खडबडीत करावं लागतं, बैलाच्या दाढेला झीजच टाकी लावत असते.

गवत मुळात किती जुनं? याचा एक महत्त्वाचा पुरावा चंद्रपूर जिल्ह्यात वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याचा आहे. तिथे डायनासोरच्या काळातल्या शेणाचे दगड सापडतात. २००५ साली लखनऊच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या दगडांत गवताचे सिलिकाचे कण दाखवून दिले. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा लाव्हा ओतला जात होता त्या सुमारास, इथे गवत होतं आणि कुणीतरी ते खात होतं. त्याआधी गवत इतकं जुनं असेल असं फारसं कुणी मानत नव्हतं. त्याच काळातल्या भारतातल्या काही लहान सस्तन प्राण्यांच्या दाढाही उंच होत्या, म्हणजे झिजवणारा चारा खाण्याजोग्या.

पिसदुऱ्याचे जीवाश्म पहिल्यांदा गोळा करणाऱ्यांत नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप होते. १८६३ साली ते पुरात बुडून गेले. नागपुरातलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. लाव्ह्याच्या थरांमधून मिळालेल्या एका इवल्या कीटकभक्षी सस्तन प्राण्यालाही १९८८ साली त्यांचं नाव मिळालं: डेक्कनोलेस्टेस हिस्लोपी. तो आपल्याला माहीत आहे तो मुख्यतः त्याच्या सुट्या, मिलिमीटर-दोन मिलिमीटरच्या दाढांवरून. तिकडे सिरोंच्याच्या बाजूला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यातल्या कोटा थरांतूनही जुरासिक काळातल्या सस्तन प्राण्यांचे दातच मिळाले. बाकी सगळं कुजतं, एनॅमल टिकतं. सस्तन प्राण्यांचा इतिहास मोठ्या प्रमाणात दाढांच्या उंचवट्यांवरून वाचला गेला आहे, आणि त्याची पानं आपल्या जिल्ह्यांत आहेत हे इथल्या किती शाळांत सांगितलं जातं, हा विचार मला अस्वस्थ करतो.

पण उंदराचे दात तर वाढतच असतात

हो. पडलेला दात कवेलूवर फेकून आपण उंदराकडे त्याच्यासारखा दात मागतो, त्यामागे निरीक्षण आहे. उंदराच्या पटाशीच्या दातांच्या बुडाशी मूळपेशी, म्हणजे नव्या पेशी देत राहणाऱ्या पेशी, जन्मभर जिवंत राहतात, म्हणून ते सारखे वाढतात. त्यांवर एनॅमल फक्त समोरच्या बाजूला असतं. मागचं दंतिन लवकर झिजतं आणि कडेला धार राहते. पण दात वाढत राहणं आणि नवा दात येणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उंदराला दुसरा संच येतच नाही. दुधाचे म्हणा की पक्के, त्याला एकच पिढी मिळते.

हत्तीनं तिसरी युक्ती केली. गडचिरोलीत कमलापूरच्या कॅम्पातले हत्ती आहेत, २०२१ पासून छत्तीसगडकडून आलेले रानटी कळपही आहेत. त्यांच्या जबड्यात दर बाजूला आयुष्यभरात सहा दाढा, पण त्या एकामागून एक, मागून पुढे सरकत येतात. सहावी झिजली की सातवी नाही. साठीच्या आसपास म्हाताऱ्या हत्तीला चारा चावता येत नाही, आणि पुष्कळदा तो त्यानंच मरतो.

अक्कलदाढ वापर नाही म्हणून जाते आहे का?

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. एक गोष्ट एका आयुष्यातली. जबड्याचं हाड चावण्याच्या ताणानं वाढतं. मऊ अन्नावर वाढवलेल्या जनावरांचे जबडे लहान राहतात हे प्रयोगांत दिसलं आहे. लहानपणी भाकर, भाजलेले चणे, ऊस, बोरं चावणाऱ्या लेकराला आणि बिस्किट दुधात बुडवून खाणाऱ्या लेकराला सारखा जबडा मिळेल असं धरून चालू नये. जागा कमी पडली की शेवटी येणारी अक्कलदाढ आडवी अडकते.

दुसरी गोष्ट पिढ्यांची. आपण वापरली नाही म्हणून आपल्या नातवाला ती येणार नाही, असं होत नाही. वापर जनुकांत उतरत नाही. पण काही लोकांत अक्कलदाढेचा कोंबच धरत नाही. २००७ साली येर्नवाल यांच्याच गटानं उंदरावर दाखवलं की पहिली दाढ तयार होताना मागच्या दाढांना रोखणारे संदेश सोडते. मागचा भाग कापून वेगळा वाढवला तर दुसरी-तिसरी दाढ लवकर आणि मोठी होते. रांगेतल्या शेवटच्या दाढेवर ही रोख सर्वांत जास्त बसते. अन्न शिजवून खाणाऱ्या माणसाचं ती नसल्यानं काही अडत नाही, म्हणून ती नसलेली माणसंही सुखानं जगतात आणि त्यांना लेकरंही होतात.

खवल्या मांजराचे तर सगळेच दात गेले. मुंग्या आणि वाळवी गिळायला ते लागत नाहीत. त्याच्या जनुकांत एनॅमलचं एक जनुक अजून मोडक्या स्थितीत सापडतं.

सून तेच पाणी पिते, तिचे दात पांढरे कसे?

यवतमाळ, चंद्रपूर, नागपूर जिल्ह्यांतल्या ज्या गावांच्या बोरिंगच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे हा प्रश्न हमखास येतो. गावात जन्मलेल्या पोरांच्या समोरच्या दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे, आणि विशीत लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात स्वच्छ. त्यावरून काही जण म्हणतात, पाण्याचा दोष असता तर तिलाही झालं नसतं का?

पाण्याचाच दोष आहे. फरक वयाचा आहे. समोरच्या पक्क्या दातांचं एनॅमल जन्मानंतर तीन-चार महिन्यांत बनायला लागतं आणि साधारण पाचव्या वर्षापर्यंत बनून होतं. त्या वयात फ्लोराइड जास्त झालं तर थर बनवणाऱ्या पेशींचं काम बिघडतं आणि एनॅमल सच्छिद्र होतं. नंतर त्यात तपकिरी डाग धरतात. सून गावात आली तेव्हा तिचं एनॅमल कधीच बनून झालं होतं. तीस वर्षांच्या माणसाच्या समोरच्या दातांवर पाहा: तो रांगत होता तेव्हा घरात कुठलं पाणी होतं, हे तिथे अजून लिहिलेलं असतं.

पण सून निर्धास्त नाही. हाडं जन्मभर बनत आणि मोडत असतात, तिच्या सांध्यांना आणि पाठीला तेच पाणी पुढे त्रास देऊ शकतं. भारतीय मानकानुसार एक लिटर पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ठीक, दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त दीड. डाग घासून जात नाहीत. राखेनं, मंजनानं, गुडाखूनं जोर लावून घासलं तर आहे ते एनॅमलही जातं. खर्ऱ्यानं तर दुहेरी नुकसान: सुपारी दात झिजवते आणि गालाची आतली कातडी आखडून तोंड उघडेनासं होतं.

आता ते औषध

आपल्या शरीरात युसॅग-१ नावाचं एक प्रथिन आहे. ते दाताचा कोंब वाढवणाऱ्या संदेशांना आवर घालतं. जपानी संशोधक कात्सू ताकाहाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा आवर सोडवणारं प्रतिपिंड, म्हणजे युसॅग-१ ला चिकटून त्याचं काम थांबवणारं दुसरं प्रथिन, तयार केलं. त्यानं उंदरांत आणि फेरेट नावाच्या मुंगसाएवढ्या प्राण्यात नवा दात आला, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. फेरेटला आपल्यासारखेच दोन संच येतात म्हणून तो निकाल महत्त्वाचा. माणसाच्या जबड्यातही तिसऱ्या पिढीचे कोंब सुप्तावस्थेत राहतात आणि ते जागे करता येतील, असं या संशोधकांचं म्हणणं आहे.

त्यांचा पहिला रोख आहे तो जन्मतःच अनेक दात नसलेल्या लेकरांवर. त्यांच्या तोंडात कोंब अडलेला असतो, त्याला मोकळं करायचं. २०३० च्या सुमारास औषध बाजारात आणण्याचा त्यांचा मानस आहे. सत्तरीतल्या माणसाच्या बोळक्यात पुन्हा बत्तीशी उगवण्याचा पुरावा अजून कुठेही नाही. आणि नवा दात आला तरी तो योग्य जागी, योग्य घाटाचा, समोरच्या दातावर नेमका बसणारा हवा. म्हणजे परत जात्याच्या दोन तळ्यांशीच येऊन थांबतो. किडलेल्या दातातला खड्डा हे औषध भरत नाही. फोनवरून कोणी आज हे औषध विकत असेल तर ती फसवणूक आहे.

सहावा दात मोजा

ज्या एका दाताबाबत गावात सगळ्यांत जास्त गैरसमज आहे तो शेवटी सांगतो. सहाव्या वर्षाच्या आसपास लेकराच्या दुधाच्या दातांच्या मागे एक मोठी दाढ गुपचूप येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, त्यामुळे घरात कोणाला पत्ता लागत नाही. ती किडली की आई-वडील म्हणतात, दुधाचीच आहे, पडेल. ती पडणार नाही. दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा येतात. त्यांच्या मागच्या बारा दाढांना दुधाची पिढीच नसते, त्या एकदाच येतात. या पहिल्या दाढेचं खनिज साठायला जन्माच्या सुमारासच सुरुवात झालेली असते, आणि तोंडातली सगळी चावण्याची बसणी पुढे तिच्याभोवती जमते.

ओळखायची रीत सोपी आहे. लेकराला उजेडात तोंड उघडायला सांगा. समोरच्या मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा: दोन पटाशीचे, एक सुळा, दोन दुधाच्या दाढा. पाच झाले. त्याच्या मागे सहावा असेल तर तो पक्का. असे चार असतात, वर दोन, खाली दोन. त्यांवर उंचवट्यांच्या मधे खोल चिरा दिसतील. त्या गाठींच्या मधल्या खालच्या जागा, जिथे दोन्ही बाजूंचं एनॅमल उतरत येऊन भेटलं. ब्रशचा केस त्यांच्या तळाशी पोचत नाही, म्हणून कीड तिथूनच सुरू होते. दाढ पूर्ण वर आली की दंतवैद्य त्या चिरा पातळ लेप लावून बुजवतात. त्याला सीलंट म्हणतात. दात कोरावा लागत नाही, सुई टोचावी लागत नाही, आणि काम काही मिनिटांचं असतं.